स्वतःचे काम, स्वतःचा पोशाख: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करणाऱ्यांच्या दिनक्रमाविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत वेळेच्या नियोजनापेक्षा कपड्यांविषयीचे प्रश्न जास्त होते, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीच्या लेखा विभागात नऊ वर्षे नोकरी केली. सासऱ्यांच्या आजारपणामुळे आम्ही साताऱ्याला परत आलो आणि गेली दोन वर्षे मी शाहूपुरीतील घरातूनच लहान दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे आणि हिशेब लिहिण्याचे काम करते. नोकरीत असताना रोज नीटनेटकी होऊन निघत असे. आता सकाळचे आवरून जी गाऊनवर लॅपटॉपसमोर बसते ती कधी कधी दुपारी तीनपर्यंत तशीच असते. मागच्या महिन्यात एक क्लायंट न कळवता बिले द्यायला आले आणि मला घाईघाईने ओढणी ओढून दार उघडावे लागले. त्यांनी मला विचारले, "साहेब आहेत का?" दुसऱ्या दिवशी मी चांगला ड्रेस घालून बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "कुठे निघालीस का?" मी काय करावे?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर: आपल्या पत्रातील "साहेब आहेत का?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. हिशेब पाहणारी व्यक्ती पुरुषच असणार हा त्या गृहस्थांचा समज चुकीचा आहे आणि त्याचा दोष आपल्या गाऊनवर टाकणे अन्यायाचे होईल. हे आधीच स्पष्ट करते, कारण कपडे बदलले की सगळे प्रश्न सुटतात असा सल्ला मला द्यायचा नाही. तरीही आपण जे विचारले आहे त्याचे माझे उत्तर ठाम आहे. कामाला बसण्यापूर्वी कामाचे कपडे घाला, रोज घाला, आणि कोणी येणार असो वा नसो, घाला.

मी स्वतः सतरा वर्षे घरी बसून मुद्रितशोधन करते आणि पहिली दोन वर्षे मीही आपल्यासारखीच बसत होते. त्या काळात दिवसभर राबूनही काम केल्यासारखे वाटत नसे, कारण कुकरची शिटी, दूधवाला, कुरिअर आणि समोरची प्रुफे या सगळ्यांसाठी माझे रूप एकच होते. मी कामात आहे की मोकळी आहे हे कळायला घरच्यांना कुठलीच खूण नव्हती, त्यामुळे "जरा गॅस बंद कर", "जरा दार बघ" अशा हाका येत राहत आणि त्या हाका मारणाऱ्यांचा त्यात काही दोषही नव्हता. नोकरीला जाणारा माणूस उंबरठा ओलांडतो तेव्हाच तो कामावर गेल्याचे सगळ्यांना कळते. घरून काम करणाऱ्याला उंबरठा ओलांडायचाच नसतो, म्हणून ती खूण अंगावर वागवावी लागते. मी दहाच्या ठोक्याला सुती साडी नेसून, केस नीट बांधून टेबलाशी बसू लागले, तेव्हा आमच्याकडेही "कुठे निघालीस?" झालेच. मी प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले, "कामाला बसते आहे, एक वाजता उठेन," आणि खरोखरच एक वाजता उठत गेले. तिसऱ्या आठवड्यात विचारणे थांबले. आपल्या सासूबाईंच्या प्रश्नात मला विरोधापेक्षा कुतूहल अधिक दिसते. त्यांना तेच उत्तर शांतपणे देत राहावे, आणि एक वाजता उठल्यावर दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसता आले तर फारच चांगले.

कपड्यांचा परिणाम घालणाऱ्याच्या मनावर होतो का, याचे प्रयोगही झाले आहेत. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी काही जणांना पांढरा कोट घालायला देऊन त्यांच्या एकाग्रतेची चाचणी घेतली. तोच कोट डॉक्टरांचा म्हणून दिला तेव्हा तो घालणाऱ्यांचे लक्ष चित्रकाराचा कोट म्हणून घालणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले राहिले, असे त्यांना आढळले. मात्र त्याच अभ्यासातील पहिल्या प्रयोगाची, म्हणजे पांढरा कोट घातलेल्या आणि न घातलेल्या माणसांच्या तुलनेची, २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक माणसे घेऊन फेरतपासणी केली, तेव्हा त्यात कोटाचा परिणाम दिसला नाही. म्हणून "हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे" असे मी म्हणणार नाही. माझा आधार माझ्या आणि माझ्यासारख्या काही जणींच्या अनुभवाचा आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

काही व्यवसायांना पोशाख ठरवून दिलेला असतो. वकिलांचा काळा कोट आणि पांढरे बँड बार कौन्सिलच्या नियमांत आहेत. इतकेच नव्हे, तर सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, ही सवलतसुद्धा त्याच नियमांत लिहिलेली आहे. आपल्याला असा नियम कोणी लिहून देणार नाही, तेव्हा तो आपणच लिहावा. रविवारी संध्याकाळी आठवड्याचे पाच जोड इस्त्री करून एका बाजूला टांगून ठेवावेत आणि सकाळी त्यावर विचार करण्यात एक मिनिटही घालवू नये. विशेषतः महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जेव्हा विवरणपत्रांची घाई असते आणि फोन थांबत नाहीत, तेव्हा हे आधी करून ठेवलेले फार उपयोगी पडते.

साडीच हवी असा माझा मुळीच आग्रह नाही. मला साडीत बरे वाटते एवढेच. सुती कुर्ता आणि सैलसर सलवार किंवा सरळ पॅंट दिवसभर बसून करायच्या कामाला उत्तम. गुडघ्याशी आवळणारी चुडीदार दोन तासांनी त्रास देते, आणि घसरणारी ओढणी प्रत्येक बिल उचलताना सावरावी लागते, म्हणून ती खांद्याशी पिनने बसवावी किंवा ओढणी लागणारच नाही असा अंगाचा कुर्ता शिवून घ्यावा. शिवायला टाकताना बाजूच्या शिवणीत खिसा ठेवायला टेलरला आवर्जून सांगा. बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो ही साधी उणीव आहे, पण मोबाइल हातात धरून क्लायंटची फाइल शोधावी लागते तेव्हा ती जाणवते. व्हिडिओवर बोलायचे असेल तर फार बारीक रेघांचे किंवा बारीक चौकड्यांचे कापड टाळावे, कारण कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरताना दिसतात. अगदी पांढऱ्या शुभ्र कपड्यामुळे कॅमेरा प्रकाश कमी करून घेतो आणि चेहरा काळपट दिसतो, तर मध्यम निळा, मोरपंखी, विटकरी हे रंग चांगले दिसतात. खिडकी पाठीशी न घेता समोर घ्यावी. आणि वरचा कुर्ता चांगला व खाली घरचा पायजमा, असे कधीही करू नये, कारण बोलता बोलता कपाटातली फाइल काढायला उठावेच लागते.

आपण साताऱ्यात राहता म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. राजवाड्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी स्त्रियांसमोर बोलताना लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने यांविषयी मुद्दाम सांगितले होते. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कोणी काय नेसावे हे इतरांनी ठरवून ज्यांना खालची जागा दाखवली, त्यांना ती खूण अंगावरून उतरवायला त्यांनी सांगितले. त्या संघर्षाची आणि आपल्या अडचणीची तुलना होऊ शकत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु पोशाखाचा संबंध स्वाभिमानाशी आहे, दागदागिन्यांशी किंवा किमतीशी नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगितलेली मला दुसरीकडे आढळली नाही, आणि कपड्यांवर खर्च करायला मन धजत नाही तेव्हा मी तिची आठवण करते.

आता राहिले ते "साहेब". दारावर आपल्या नावाची पाटी लावा. नाव, त्याखाली कामाचे स्वरूप आणि त्याखाली भेटीची वेळ लिहा. पाटीवर जे नाव आहे तीच व्यक्ती कामाच्या कपड्यांत दार उघडते आहे असे दिसले, की पुढच्या माणसाला विचारायला काही उरत नाही.

प्रश्न: स्वतंत्र व्यवसायासाठी घेतलेले शर्ट-पॅंट, बूट यांचा खर्च आयकर विवरणपत्रात व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो का?
(एक वाचक, वाई)

उत्तर: सर्वसाधारणपणे नाही. व्यवसायाचा खर्च म्हणून वजावट मिळायची तर तो खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी केलेला असावा लागतो आणि वैयक्तिक स्वरूपाचा नसावा लागतो. लग्नाला किंवा जत्रेलाही घालता येईल असा शर्ट वैयक्तिकच धरला जातो. दुकानाचे किंवा फर्मचे नाव छापलेले, कामगारांना दिलेले गणवेश आणि सुरक्षेची साधने यांचा विचार वेगळा होतो, त्यांची बिले जपून ठेवा. ठरावीक व्यावसायिकांसाठी असलेल्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीत एकूण जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरून कर भरला जातो. आपण त्या पद्धतीने भरत असाल तर खर्च वेगळे दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्या बाबतीत काय लागू होते ते आपल्या सीएंना बिले दाखवून विचारावे.

प्रश्न: मी आयटीआय करून तीन वर्षे एका ठेकेदाराकडे होतो. आता स्वतः सौर पंप, इन्व्हर्टर आणि सीसीटीव्ही बसवण्याची कामे घेतो. खटाव आणि माण तालुक्यांत मोटारसायकलवर फिरतो. चांगला शर्ट घालून वस्तीवर गेलो तर शेतकरी म्हणतात, "मिस्त्री कुठाय?" कामाच्या कपड्यांत बँकेत गेलो तर तासभर बाकावर बसून राहावे लागते. दोन्हीकडे चालेल असे काय घालावे?
(एक वाचक, वडूज)

उत्तर: दोन्हीकडे चालेल असा एकच पोशाख शोधू नका, तो सापडणार नाही. तुम्हाला दोन पोशाख लागतील, आणि ते बदलायची सोय मोटारसायकलच्या डिकीत किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये करावी लागेल.

आधी कामाचा पोशाख, कारण तुमच्या कामात त्याचा संबंध जिवाशी आहे. विजेच्या कामावर पॉलिस्टर किंवा टेरिकॉटचा शर्ट घालू नका. ठिणगी किंवा भडका उडाला तर कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो आणि भाजणे अधिक खोल होते. सुती कापड जळते, पण वितळून चिकटत नाही. म्हणून जाड सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ड्रिल किंवा जीनच्या कापडाची पॅंट घ्यावी. बाह्या गुंडाळण्याचा मोह माणच्या उन्हात होणारच, पण छपरावर पॅनेल बसवताना पूर्ण बाहीच उन्हापासूनही वाचवते. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ, गळ्यातली साखळी हे सगळे घरी ठेवून निघावे. पायात आयएस १५२९८ हे मानक छापलेले सुरक्षा बूट घ्यावेत, आणि विकत घेताना ते विजेच्या कामासाठी चालतात का हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, कारण सगळ्याच सुरक्षा बुटांना ते लागू नसते.

रंग गडद निळा किंवा राखाडी निवडा आणि तीन शर्ट एकाच कापडाचे, एकाच रंगाचे शिवून घ्या. डाव्या खिशावर तुमच्या कामाचे नाव भरतकामाने लिहून घ्या. छापलेली अक्षरे धुण्यात उलतात, भरलेली टिकतात. रोज तोच रंग, तेच नाव दिसले की चार-सहा महिन्यांत वस्तीवरची पोरेसुद्धा लांबून ओळखतात. "मिस्त्री कुठाय?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या खिशावर लिहिलेले असेल.

एका गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आपल्याकडे घरात शिरताना बूट उंबऱ्याशी काढतात. इन्व्हर्टर बसवायला तुम्ही लोकांच्या माजघरापर्यंत जाता, तेव्हा शर्टापेक्षा आधी तुमचे मोजे दिसतात. आमच्याकडे एकदा एक मुलगा वायरिंगला आला होता. काम उत्कृष्ट करत होता, पण मोज्यातून अंगठा बाहेर आलेला असल्याने तो सारखा एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभा राहत होता, आणि शिडीवर चढायच्या आधी त्याने आमच्याकडे पाहून मान खाली घातली. मला त्याचे फार वाईट वाटले. मोज्यांचे सहा जोड एकाच रंगाचे घ्या. एक फाटला तरी जोडी जुळते.

बँकेसाठी फिक्या रंगाचा, इस्त्रीचा एक शर्ट घडी घालून पिशवीत ठेवा, आणि घडी मोडू नये म्हणून आत पुठ्ठा घाला. त्याच पिशवीत ओला रुमाल, कंगवा आणि कोरडी चप्पल किंवा साधे बूट असावेत. वडूजच्या बसस्थानकावर तोंड धुऊन शर्ट बदलायला दहा मिनिटे लागतात. बाकावर बसवून ठेवणे हा बँकेच्या वागण्याचा दोष आहे, तुमच्या घामाचा नाही. पण मुद्रा कर्जाचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात नीट लावलेली फाइल आणि अंगावर कोरडा शर्ट असला, तर समोरच्या अधिकाऱ्याला तो आजचे उरकून उद्याचाही विचार करणारा माणूस वाटतो, आणि कर्ज देणाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते.

प्रश्न: आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. आजोबांपासून पांढरे धोतर, पांढरा सदरा, टोपी हाच पोशाख. मी पांढरा शर्ट-पॅंट घालतो. मुलगा सौद्याला रंगीत टी-शर्टवर येतो आणि म्हणतो, "पप्पा, हळदीच्या धंद्यात पांढरे घालण्यात अर्थ काय? रोज डाग!" कोणाचे बरोबर?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: डागाबद्दल मुलाचे बरोबर आहे आणि पांढऱ्या रंगाबद्दल आपले. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवली जात होती त्या काळापासून या पेठेत पांढऱ्या कपड्याला अर्थ आहे. ज्याच्या शब्दावर शेतकरी आपला माल सोडून जातो, त्याच्या अंगावर लपवण्यासारखे काही नाही, हे पांढरे कापड सांगते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे बाहेरगावचे खरेदीदार या पेठेकडे नव्या नजरेने पाहतात, आणि त्यांच्यासमोर उभा राहणारा तरुण नीटनेटका असावा ही आपली अपेक्षा रास्त आहे. मात्र आपल्या मुलाने आजोबांचाच वेश घ्यावा असे मला वाटत नाही. त्याने कॉलरचा, पूर्ण किंवा अर्ध्या बाहीचा, फिक्या पिवळसर किंवा बदामी रंगाचा सुती शर्ट घालावा. छातीवर मोठी अक्षरे असलेला टी-शर्ट सौद्याला घालू नये. हळकुंड मोडून पाहताना उडणारी भुकटी बदामी रंगावर दिसत नाही, आणि लिलावात तो वडिलांशेजारी उभा राहिला तर दोघे एकाच पेढीचे वाटतील.

डागांचे सांगते, कारण घरोघरी तेथेच चूक होते. हळदीतला रंग कर्क्युमिनचा. साबण आणि धुण्याचा सोडा हे अल्कधर्मी असल्याने ते लागताच पिवळा डाग तांबडा होतो. ते पाहून घाबरून आणखी साबण घासला जातो आणि रंग धाग्यात आणखी मुरतो. प्रथम कोरडी भुकटी झटकून टाकावी, पाणी लावू नये. मग थंड पाण्याची धार डागाच्या उलट बाजूने सोडावी, म्हणजे रंग बाहेर ढकलला जातो. त्यानंतर साबणाने धुवावे. तांबडा रंग दिसलाच तर लिंबाच्या पाण्याने तो पुन्हा पिवळा होतो. एवढे करून जो फिका पिवळा उरतो तो काढायचे काम उन्हाचे आहे. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, म्हणून शर्ट ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात घालावा आणि हवे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवावे. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री करू नये. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, त्या दिवसांत पांढऱ्याला सुट्टी दिली तरी आजोबांच्या परंपरेला बाध येत नाही.

प्रश्न: कराडमध्ये माझे स्टेशनरीचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. पैसा बेताचा आहे. तयार कपडे घ्यावेत की टेलरकडून शिवून घ्यावेत?
(एक वाचक, कराड)

उत्तर: माझ्या वडिलांचे साताऱ्यात मोती चौकाजवळ शिवणाचे छोटे दुकान होते आणि शाळेतून आल्यावर मी काज-बटणाला बसत असे. तेव्हा माझे मत शिवून घेण्याकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवते.

तयार शर्ट ठरावीक मापांवर बेतलेला असतो आणि आपले शरीर त्या मापांचे नसते. छाती बसली तर बाही लांब, बाही बसली तर पोट ओढते. दुकानात दिवसभर हात वर करून फळीवरचे रीम काढणाऱ्या माणसाचा शर्ट मुंढ्यात घट्ट असेल तर तो सारखा पॅंटीतून बाहेर येतो, आणि कितीही महाग असला तरी गबाळा दिसतो. टेलर मापे घेतो तेव्हा छाती फुगवून उभे राहू नका, रोज जसे उभे राहता तसेच राहा. शिवण खांद्याच्या हाडावर यावी, कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत, बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. पॅंट उभे राहून नव्हे, स्टुलावर बसून तपासावी.

कापडाचा हिशेब असा की ५८ इंच पन्ह्याचे कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला सुमारे १.६० मीटर आणि पॅंटला सुमारे १.२० ते १.३० मीटर लागते. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाला थोडे वाढवून घ्यावे. शर्टाला सुती किंवा सुती अंश जास्त असलेले मिश्र कापड आणि पॅंटला पॉलिस्टर-व्हिस्कोस घ्या. लिनन दिसते सुंदर, पण गल्ल्यावर बसून उठलात की त्याला चुण्या पडतात. सुती कापड टेलरला देण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून द्यावे. ते पहिल्या धुण्यात आटते, आणि शर्ट शिवल्यानंतर आटण्यापेक्षा आधी आटलेले बरे. कराचाही थोडा विचार करा. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के जीएसटी आहे, तर मीटरवर घेतलेल्या कापडाला ५ टक्केच लागतो.

शिवून घेण्याचा खरा फायदा मात्र मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. वडील पॅंटच्या मागच्या शिवणीत इंचभर कापड आत दुमडून ठेवत. त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला की ती शिवण उसवून माया सोडायची आणि पॅंट आणखी काही वर्षे चालवायची. तयार पॅंटीत ही माया बहुधा नसतेच. वडिलांकडे एक विमा प्रतिनिधी येत. त्यांच्याकडे दोनच पांढरे शर्ट होते, आज एक धुवायला आणि एक अंगावर. दाढीच्या घासण्याने कॉलर घडीवर विरली की ते शनिवारी संध्याकाळी शर्ट आणून देत. वडील कॉलर अलगद उसवून, उलटी करून, विरलेली बाजू आत घालून पुन्हा बसवत, आणि सोमवारी सकाळी ते गृहस्थ शंभर घरांच्या पायऱ्या चढायला ताज्या कॉलरने निघत. त्या उलटलेल्या कॉलरचे टाके मी जवळून पाहिले आहेत. मूळ शिवणीच्याच भोकांतून सुई गेलेली असे, म्हणून नवे काही झाले आहे हे कोणालाच कळत नसे. आज असे काम करणारे टेलर थोडे आहेत, पण प्रत्येक गावात एखादा वयस्कर कारागीर असतो. कराडमध्ये तो शोधून काढा आणि त्याच्याकडे टिकून राहा. आपले माप, आपला उतरता खांदा, आपली वाढती कंबर त्याला पाठ होते.

सुरुवातीला तीन शर्ट आणि दोन पॅंट पुरतील. शर्ट पांढरा, फिका निळा आणि बारीक चौकडीचा, पॅंट काळपट राखाडी आणि तपकिरी. यांतला कोणताही शर्ट कोणत्याही पॅंटवर चालतो. झेरॉक्सच्या टोनरची काळी भुकटी बाहीला लागते, म्हणून मशीन उघडताना घालायला एक जुना ढगळ शर्ट दुकानातच टांगून ठेवा. टोनर लागलाच तर चोळू नका आणि गरम पाणी तर मुळीच वापरू नका, उष्णतेने तो कापडावर पक्का बसतो. बाहेर झटकून थंड पाण्याने धुवा.

दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर कोणत्याही टेलरकडे शांतपणे माप घेतले जात नाही, म्हणून कापड गणपतीच्या आधी टाका. आणि तीनही शर्ट एकदम शिवू नका. एक आधी शिवून घ्या, दोनदा धुवा, आठवडाभर दुकानात घालून फळीवरचे रीम काढून पाहा. जेथे ओढते तेथे खडूची खूण करून तोच शर्ट टेलरकडे परत न्या, आणि त्यानंतर उरलेल्या दोन शर्टांचे कापड द्या.